नातेवाईकांचा रकाना

मंगळवार, १४ तारीख
दुपारचे तीन

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल. वहिनीला विचारलंय म्हणून सांग, पोरांना पापे. यापुढे ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहायचं असतं, ते मात्र हातून लिहवत नाही.

हे पत्र शेजारच्या ड्रायव्हरकाकांबरोबर देतेय, ते चारला तुझ्याकडे निघतात. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी तुझ्याशी पुन्हा खोटं बोलेन, माझी मला खात्री आहे.

शुक्रवारी आयसीयूत बाबांना श्वासाची नळी घातली, पालथं झोपवलं, तरी रक्तातला प्राणवायू ऐंशीच्या वर जाईना. मग डॉक्टरीणबाईंनी श्वासातून द्यायचा एक औषधी गॅस सुरू केला. तासाभरात आकडा त्र्याण्णव! मी तिथूनच तुला फोन लावला, ‘बाबा सुधारतायत, उगाच धावत येऊ नकोस.’ तू सुटकेचा निःश्वास टाकलास, तो मला ऐकू आला.

मशीन कोकललं म्हणून मधेच उठून बघून आले. नळीत पाणी साचलं होतं म्हणे. सिस्टर म्हणाली, “ताई, बसा हो जरा, फरशी झिजेल.”

तर, गॅस लावण्याआधी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी तुला सांगितलंच नाही. “याने आकडा वाढेल, फुप्फुस बरं होईलच असं नाही. थोडे दिवस मिळतील. ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या.” फॉर्मवर जवळच्या नातेवाईकांचा रकाना होता. त्यात मी माझं एकटीचंच नाव लिहिलं.

राग आला होता मला. तीन वर्षं औषधं, पथ्यपाणी, पाठ चोळणं सगळं मी करायचं, आणि नळी घालायच्या आधी बाबांनी विचारलं काय? “दादा निघाला का?” मी म्हटलं, “त्याला वेळ नाही.” लगेच गुंगीचं औषध दिलं. शुद्धीत असताना माझ्या तोंडून त्यांनी शेवटचं ऐकलं ते हे.

दादा, मला माझीच लाज वाटते.

कालपासून गॅस उतरवून बघतायत. एकदम बंद करता येत नाही. गॅसचं प्रमाण वीसवरून पाचवर आणलं की बाबांचा आकडा घसरतो, मग पुन्हा वाढवतात. दोनदा झालं. उद्या दुपारी तिसऱ्यांदा बघणार.

काका संध्याकाळीच परत फिरतील. त्यांच्याच गाडीत बस. मला काय रागवायचंय ते इथे येऊन रागव, चारचौघांत रागव.

आज सकाळी बाबांच्या कानाशी सांगून टाकलंय, दादा निघालाय. एवढं तरी मला खोटं पाडू नकोस.

तुझी,
धाकटी