अंगणातून गेलेलं पाणी

१२ एप्रिल
विहीर तळाला गेली. टँकरचा पत्ता नाही. सांडपाण्याच्या टाकीला मात्र पाणी आहे. गावभरच्या नाल्यांचंच, पण गोटे, रेती, कर्दळीतून गाळून आलेलं. वास नाही. झाडांना, गोठा धुवायला चालतं, प्यायचं नाही. नाल्या यांनीच टाकल्या होत्या. दिवाळीनंतर हे गेले, आता टाकीचा व्हॉल्व त्यांच्या जागी मी उघडते. घर खायला उठतं, त्यापेक्षा बरं.

१५ एप्रिल
यांनी लावलेली लिंबोणी वाळते आहे. टाकीवरून बादली आणली तर सासूबाई आडव्या आल्या. "माह्या पोराले न्हाणलं, थे पानी त्याच नालीत गेलं. थेच झाडाले घालतं तू?"
माझ्या मनातही आलं नव्हतं. पूर्वी मयताच्या अंघोळीचं पाणी मुरायला अंगणात खड्डा करत. त्या दिवशी कोणाला सुचलं नाही, नाली समोरच होती. बादली तशीच राहिली.

१६
ते पाणी केव्हाच वाहून गेलं, कळतं. तरी व्हॉल्व अर्धाच फिरवला. टाकीत पाणी पडतं तो आवाज... हे न्हाणीत असावेत तसा. भीती वाटली. मग बरंही वाटलं.

२० एप्रिल
टँकर सुरू झाला, प्यायची सोय झाली. सासूबाई भजनाला गेल्या. लिंबोणीला पाणी घातलं, चोरून. रोज घालणार.

२ मे
पालवी फुटली! सासूबाईंनी बादलीही पाहिली, मला वाटलं आता बोलणी खाते. पानाला हात लावून उभ्या राहिल्या नुसत्या. रात्री पोटभर जेवल्या, किती दिवसांनी.

६ मे
सासूबाईंना जुलाब. दारव्ह्याला नेलं, सलाईन. कुठलं पाणी प्यायल्या, डॉक्टरांना सांगेनात. परतताना जीपमध्ये हळूच म्हणाल्या, "टाकीवर गेलती. टँकरचं पानी परक्याचं. थे घरचं हाय."
रागावले. मग मलाच रडू आलं. झाडाचं पाणी माणसाला सोसत नाही, म्हटलं. मालूम आहे, म्हणाल्या.

७ मे
तोटीला कुलूप घातलं. किल्ली गळ्यात, काळ्या पोतीच्या जागी.

९ मे
पहाटे लिंबोणीसाठी कुलूप काढलं. बादली भरली. पाणी गार. ओंजळ कधी भरली, तोंडाशी कधी गेली, कळलं नाही. मागे सासूबाई, हातात लोटा.
"मले कुलूप. अन् तुले?"
पाणी बोटांतून गळत होतं. उरलेलं टाकवेना.