चहातली गोळी

अहो,

पुण्याला दवाखान्यात जा, पण दमा कशानं होतो ते बघायला आज हातावर टोचून घेऊ नका. टोचायच्या आधी आठवडाभर खाजेची गोळी घ्यायची नाही, तिनं हाताची सूज दबते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती मी दोन दिवस तुमच्या चहात कुस्करून घातली. मैद्याच्या थेंबानं हात फुगला तर बिस्किट कंपनीतलं तुमचं काम जाईल, तो फुगूच नये, एवढंच डोक्यात होतं. पण आज पहाटे तुम्ही भिंतीला टेकून श्वास ओढत होता, आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते. डॉक्टरांना माझं नाव सांगा, पुढची तारीख घ्या.

मी चाकणला कांदे निवडायला जाते. भाकरी टोपल्यात आहे. चहा केलेला नाही. आजपासून तुमच्या हातानंच करून घ्या.

कस्तुरा