बाईंची शेवटची सभा

३ मार्च

साहेबांनी आज दोन निरोपाची भाषणं माझ्या गळ्यात मारली. वाचणार नगराध्यक्ष, लिहिणार मी. "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे हो!" — म्हणजे काम वाढलं.

एक भाषण बाईंसाठी. आमच्या सभा विभागाच्या प्रमुख, महिनाअखेरीला निवृत्त. दुसरं दुबारकाकांसाठी. यंदा ते निवडणुकीला उभे राहणार नाहीत. इतकी वर्षं नगरसेवक होते, आता पुरे म्हणाले. दोघांचा निरोप एकाच चहात उरकायचा आहे.

काकांबद्दल लिहायचं तरी काय? सभेत कुणी काही बोललं की हे उठणार. मान अर्धी वळवून, मास्तर शुद्धलेखन घालतात तसं सावकाश — "म्हणजे यांचं म्हणणं असं —" आणि तेच सगळं पुन्हा! म्हणून तर दुबारकाका. सभागृह कण्हतं, कुणी घड्याळ बघतं, कुणी म्हणतं, "काका, आम्हाला कान आहेत." हे आपले बोलून संपवतात आणि बसतात. एवढ्या वर्षांत माणसानं स्वतःचं म्हणून एक वाक्य बोलू नये?

लिहून टाकलं — "काकांमुळे या सभागृहात प्रत्येक मुद्दा दोनदा मांडला गेला आणि प्रत्येक चहा एकदा तरी थंड झाला." बरं जमलंय. हसतील.

५ मार्च

बाईंचं भाषण पुढे सरकत नाही. लिहावंसं वाटतं ते लिहिता येत नाही.

त्यांना ऐकू येत नाही. ठार बहिऱ्या नाहीत. पण बोलणारा समोर हवा, त्याचं तोंड दिसायला हवं, शब्द सुटे हवेत. हे मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक आहे का, ते मात्र ठाऊक नाही. विषयच कधी निघाला नाही. त्यांच्या टेबलावरचा फोन मी उचलते. पाठीमागून हाक मारत नाही, वळसा घालून पुढे जाते. त्याही कधी "काय?" असं विचारत नाहीत. कधीच नाही.

बाहेर कळलं तर? सभेत बसून प्रत्येकाचं बोलणं टिपणाऱ्या बाईला ऐकू येत नाही! साहेब दुसऱ्याच दिवशी त्यांना दाखल्यांच्या खिडकीवर बसवतील. ज्या खुर्चीत आयुष्य गेलं तिच्यातून उठवून, सगळ्यांच्या देखत. आणि नियमानं साहेबांचं चुकणारही नाही. मग मी गप्प बसते ती माया की लबाडी? अजून ठरवता आलेलं नाही.

इतिवृत्तात मात्र आजवर कुणाला बोट ठेवायला जागा मिळालेली नाही. कसं जमवतात देव जाणे. ओठ वाचत असतील. मलाही लिहायला त्यांनीच शिकवलं. "विशेषणं काढ गं. माणूस काय बोलला ते लिही. कसा बोलला ते त्याची बायको बघून घेईल."

एकच सभा उरली आहे. तेवढी पार पडू दे. त्यांना ताठ मानेनं जाऊ दे.

८ मार्च

दुबारकाका हॉस्पिटलात. छातीत पाणी झालंय. लेकीचा फोन आला — शेवटच्या सभेला येणं अशक्य.

बाईंना सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. "बरं," म्हणाल्या.

घरी नवरा म्हणाला, "चला, म्हणजे तुमची सभा वेळेत सुटणार!" मीही हसले.

११ मार्च

सभा झाली. लगेच लिहून ठेवते.

विषय साधा होता — भाजीबाजार नदीकडच्या जागेत हलवायचा की नाही. पहिले बोलले ते मोठ्या आवाजाचे ठेकेदार नगरसेवक. बाईंचं पेन झरझर चाललं. मग दाढीवाले नगरसेवक उठले. ते कागदात तोंड घालून पुटपुटतात, दाढीत ओठ दिसत नाहीत. बाईंचं पेन थांबलं.

थांबलं ते थांबलंच.

मी त्यांच्याकडे बघत होते. त्या दाढीवाल्यांकडे बघतच नव्हत्या. समोरच्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीकडे बघत होत्या — काकांच्या, रिकाम्या. मग लायब्ररीवाल्या नगरसेविका मॅडम बोलल्या, आमच्याकडे पाठ करून, मागच्या रांगेशी वाद घालत. बाईंची नजर पुन्हा त्याच खुर्चीवर. रस्ता ओलांडायला उभं राहिलेलं माणूस सोबतीची वाट बघतं तशी.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काका ठेकेदारांचं बोलणं कधी पुन्हा सांगत नसत! मोठ्यानं बोलणाऱ्याचं नाही, समोर तोंड करून बोलणाऱ्याचं नाही. पुटपुटणाऱ्यांचं, पाठमोऱ्यांचं, एकमेकांत भांडणाऱ्यांचं तेवढं. मान अर्धी वळायची ती नगराध्यक्षांकडे नाही — त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंकडे. सावकाश. शब्द सुटे करून. त्यांचं पेन थांबेपर्यंत वाट बघून मग पुढचं वाक्य.

आणि मी म्हणते, ओठ वाचत असतील!

मला उठून सांगता आलं असतं. पण कर्मचाऱ्यानं विचारल्याशिवाय सभागृहात तोंड उघडायचं नाही, हा नियम. उघडलं असतं तरी सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या असत्या. चिठ्ठीवर दाढीवाल्यांचं म्हणणं लिहिलं, हळूच सरकवली. बाईंनी वाचलीसुद्धा नाही. कोपरानं परत ढकलली. गाल लाल झाले होते.

शेवटी दाढीवाल्यांनी विचारलं, "बाई, आमचा विरोध नोंदवलात ना?" बाई हसल्या. नुसत्या हसल्या. ते "हो" समजून बसले.

सुटलो! पण सुटल्यासारखं वाटत नाही.

जाताना बाई माझ्या टेबलाशी थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी टिपणं देऊन ठेव. ताडून बघते."

१४ मार्च

काकांना भेटून आले. नाकाला नळी, आवाज पार बसलेला. मला बघून म्हणाले, "या. सभा लवकर सुटली असेल!"

मी म्हटलं, "काका, बाईंना..."

"कळलं का तुला? हुशार आहेस. उशिरा का होईना." मग बराच वेळ नुसता दम घेत होते. "आमची ही अशीच होती. ऐकू येत नाही असं मेली तरी म्हणायची नाही. हसायची फक्त. त्या हसण्यावरनं ओळखलं मी बाईंचं."

"लोक तुम्हाला इतकं हसायचे —"

"हसू देत की! निवडून देत होते ना? आणि खरं सांगू का, मला भाषण कुठं येतंय? उभं राहायला निमित्त मिळालं." खोकला आला. लेक पुढे झाली, तिला हातानं थांबवलं. "हे बघ, कुणाला बोलायचं नाही. बाईंना तर मुळीच नाही. आपलं आपण निभावलं असं वाटतंय तिला. आणि निभावलंच की तिनं. लिहिलं कुणी? मी?"

शब्द दिला. निघताना विचारलं त्यांनी — "दाढीवाला काय म्हणाला बाजाराबद्दल?" मी सांगितलं. डोळे मिटून ऐकत होते. ओठ हलत होते.

१५ मार्च

काकांच्या भाषणातलं ते चहाचं वाक्य काढलं. त्या जागी काय घालू? खरं लिहिता येत नाही, खोटं लिहवत नाही. "ते प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेत." चार वेळा खोडलं, पाचव्यांदा तेच लिहिलं. किती मचूळ वाक्य! पण त्यात एकही विशेषण नाही.

३१ मार्च

निरोप झाला. काका नव्हतेच, त्यांची शाल लेकीनं घेतली.

नगराध्यक्षांनी माझं भाषण वाचलं आणि मग कागद खाली ठेवून पदरचं घातलं — "काका आज इथं असते तर म्हणाले असते, म्हणजे यांचं म्हणणं असं!" सभागृह खदखदून हसलं. काकांची लेकही हसली, ओठ दाबून. बाईही हसल्या. त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे.

मी हसले नाही. त्यानं काकांचं काय भलं झालं?

बाई दोनच वाक्यं बोलल्या. "माझं काम लिहिण्याचं होतं, बोलण्याचं नाही. तुम्ही बोललात, मी लिहिलं, चुकलं असेल तर सांभाळून घ्या." टाळ्या. मग पर्स काखेला लावून, पेन माझ्या हातात ठेवून निघाल्या. "निब खरखरतं. दाबून लिहू नकोस." जिन्यापर्यंत गेले. ताठ मानेनं उतरल्या. व्हावं असं वाटत होतं तसंच झालं, आणि मी फायलींच्या खोलीत जाऊन रडले.

९ एप्रिल

काका गेले. पहाटे.

१० एप्रिल

बाईंना सांगावं का? काकांचं मोठेपण असं हसण्यात विरून जायचं? जिच्यासाठी एवढं केलं तिलाही कळू नये? पण सांगितलं तर बाईंपाशी उरतं काय? एका शब्दाचीही चूक नाही, हा एवढाच त्यांचा तोरा. तोच काढून घ्यायचा?

नवऱ्याला सगळं सांगितलं (शब्द मोडला का? घरात सांगितलेलं धरायचं नाही, असं स्वतःला समजावलं. समजलं नाही). तो म्हणाला, "सांगून काय होणार? तुझ्या छातीवरचा दगड तिच्या छातीवर."

नाही सांगणार. ठरलं.

१५ एप्रिल

सभागृहात शोकसभा. बाई आल्या, माझ्याशेजारी मागच्या बाकावर बसल्या. दाढीवाले बोलले, मॅडम बोलल्या, ठेकेदारसुद्धा आज हळू बोलले. बाईंनी एकदाही बोलणाऱ्याकडे पाहिलं नाही. सबंध वेळ तिसऱ्या खुर्चीकडे.

जिन्यात त्यांनी माझं कोपर धरलं. "काय गं बोलले सगळे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "चांगलंच बोलले बाई, सगळे —"

"तसं नको." माझ्या खालच्या पायरीवर उतरून त्या वळल्या, तोंड वर करून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. "ते सांगायचे तसं सांग. एकेकाचं. सावकाश."

मी कठडा धरला.

"म्हणजे यांचं म्हणणं असं —"