मामाचा फोटो

मुलुंड,
२८ मे १९८६

चि. विद्याधरास ताईचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. नळाला पाणी करंगळीएवढं, यांचा गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतोय. क्षमाचं लग्न चार तारखेला पार पडलं. तुझं पत्र काल आलं. सात पानांचं!

सातही पानं वाचली हो. तुझ्या त्या ॲरिझोनातल्या नवाहो लोकांत घर आईचं, मेंढ्या आईच्या, मुलं आईच्या कुळाची, आणि लग्नानंतर नवराच बायकोकडे राहायला जातो. आणि मामा! वळण लावायला मामा, कान उपटायला मामा, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला मामा. हे सगळं बघून तू म्हणे गहिवरलास. मामा नावाचा माणूस भाचरांचा कोणीतरी लागतो, हे तुला अमेरिकेत जाऊन कळलं. विमानाचं भाडं वसूल झालं म्हणायचं.

तिथल्या मित्राच्या भाचीचं लग्न नेमकं त्याच आठवड्यात, म्हणून तुला निघता आलं नाही. नवरानवरीने एका परडीतून मक्याची पेज खाल्ली, वडीलधाऱ्यांनी उपदेश केला, आणि तुलाही मामालोकांत बसवून दोन शब्द बोलायला लावलं. काय बोललास रे? भाचीच्या लग्नाला मामाने हजर राहावं, असं काही?

लग्नाच्या दिवशी पहाटे मला अंधेरीला जरा काम होतं. कार्यालयात पोचायला उशीर झाला, विहीणबाईंनी तोंड वाकडं केलं. काम कसलं डोंबलाचं! सहारच्या विमानतळावर उभी होते. 'जमवतोच, ताई' असं मार्चमध्ये लिहिलं होतंस ना? बाहेर येणाऱ्या प्रत्येक चष्मेवाल्याकडे मूर्खासारखी बघत होते. पिशवीत तुझ्यासाठी घेतलेला केशरी फेटा होता.

मुहूर्ताला गुरुजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कोणी उठेना. "अहो, मामा आहेत कुठे?"

क्षमाने माझं मनगट धरलं. "आई, तूच चल ना. माझे कान तूच उपटलेस आजपर्यंत."

"असं कुठे असतं का?" गुरुजी म्हणाले.

तुझे मेहुणे एरवी चारचौघांत तोंड उघडत नाहीत. ते म्हणाले, "असतं, गुरुजी. मंगलाष्टकं सुरू करा."

मीच तिला बोहल्यावर आणलं आणि तिच्यामागे उभी राहिले. फेटा कुठे ठेवावा सुचेना, तो तसाच काखेत. तुझा राग आला होता, आणि तरी मेलं लक्ष दाराकडेच. हे तुला लिहायचं नव्हतं.

क्षमाला आशीर्वादाची एक ओळ नाही तुझ्या पत्रात. शेवटी काय, तर 'मामा मुलीला आणतो तो फोटो अवश्य पाठव, माझ्या लेखात तुलनेसाठी हवा आहे.' तुलना! हे लिहिताना हात कसा धजावला रे तुझा?

फोटो सोबत पाठवते आहे. काखेत फेटा धरलेली बाई दिसते ना, तोच तुझा मामा. लेखात फोटोखाली तसंच छाप.

क्षमाची आई आणि मामा,
मृणालिनी