अद्वैत पाण्यात का उतरला

११ ऑक्टोबर

सकाळी चहा घेताना एकदम कानात घुमला — वाईच्या शाळेतला तो आवाज! सगळा वर्ग एका चालीत ओढ्याची कविता म्हणतोय आणि गुरुजी टेबलावर बोटांनी ताल धरताहेत. सत्तर वर्षं झाली.

निमित्त अद्वैतचं. नातू काल मैत्रिणीबरोबर — प्रणिताबरोबर — कयाक घेऊन पहाडात गेला. जीपच्या टपावर त्या दोन चिंचोळ्या होड्या बांधत होता, तेव्हा मी त्याला ती कविता म्हणून दाखवली. "आपका झरना तो बहुत शरीफ़ है, आजोबा!" म्हणाला. याचा झरा दांडगा, धोंड्यांवरून कोसळणारा. पण नेम पक्के — आधी काठाने चालत सगळं बघायचं. पाणी गढूळ झालं, चढलं, की होडी खांद्यावर टाकून मागे फिरायचं. आणि आडवं पडलेलं झाड असेल तिथे फिरकायचंसुद्धा नाही. "पानी डालियों से निकल जाता है, आजोबा. आदमी नहीं निकलता."

मी म्हटलं, अरे, तुझ्यासारखी बँकेतली माणसं सुट्टीत झोपा काढतात!

१२ ऑक्टोबर

फोन नाही. पहाडात रेंज नसते म्हणे.

१३ ऑक्टोबर

प्रणिताचा फोन. अद्वैत गेला. झाडाखाली अडकला.

लिहवत नाही.

१९ ऑक्टोबर

इथल्या मराठी मंडळातले लोक येऊन गेले. पार हज़रतगंजपासून आमच्या तेलीबागेपर्यंत आले, बिचारे. जिना उतरताना एकजण म्हणालाच — "आजकालची पोरं! थरार हवा यांना." हिने — मधुमतीने — ऐकलं. मीही. मलाही तेच वाटत होतं ना!

संध्याकाळी प्रणिताला फोन लावला.

"पाणी गढूळ होतं?"

"हाँ, आजोबा."

"चढलं होतं?"

"हाँ."

"तरी उतरला तो?"

मग — "उतर गए थे, आजोबा." आणि रडायला लागली.

पुन्हा इथे फोन करू नकोस, म्हणालो. ठेवून दिला.

मला नेम शिकवून गेला आणि स्वतः मोडले!

२१ ऑक्टोबर

दिवाळी. गल्लीभर फटाके. मधुमती म्हणते, त्याचा फोटो बैठकीत लावू. नको म्हटलं. ती आत गेली.

धड रडताही येत नाही. रडायला बसलं की राग आड येतो. आमच्या कवितेतला ओढा नुसता हसायचा, खेळायला बोलवायचा. त्याच्यात झाड पडलेलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर

बेल वाजली. दूधवाला भैया असेल म्हणून दार उघडलं. प्रणिता! हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

माझ्याशी कायम हिंदीत बोलणारी पोर, आज मराठी जुळवत होती. "आजोबा, आम्ही परत फिरलो होतो. होड्या खांद्यावर होत्या. माझा पाय घसरला, हात मोडला... मी झाडाकडे वाहत चालले होते. त्याने दोर टाकला. या हाताने धरला नाही गेला. मग तो उतरला. मला बाहेर ढकललं."

मी उंबऱ्यातच.

मागून मधुमती — "अहो, बाजूला व्हा. आत तर येऊ द्या तिला."