न गोठलेली बादली

३ सप्टेंबर

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

पत्र लिहायला कारण तुझी नासपती. पेटीतलं पहिलंच फळ कापलं, तर आत माझ्याआधी कुणीतरी जेवायला बसलेलं. ही फळमाशीची अळी. आमच्या गरम सपाटीवर पेरूंवर तिचंच राज्य आहे. तुमच्या डोंगरावर ती थंडीने मरायची. आता हिवाळे मऊ झाले आणि बाई वर बिऱ्हाड घेऊन आल्या.

पडलेलं फळ उचलायचं नाही, कडक थंडी खालची कीड मारते, हा बाबांचा नियम तू अजून पाळतोस. तो नियम थंडीच्या जिवावर होता. ती फळं गोळा कर, पिशव्यांत घट्ट बांधून उन्हात टाक. सोबत माशीचे सापळे आहेत. पुढच्या वर्षी अळी निघाली तर व्यापारी सगळ्या खोऱ्याचा माल परत धाडेल.

लोभ आहेच, अक्कलही असावी.

ताई

१४ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

अळी तुझ्याच पेरूंच्या टोपलीतून आली असेल. माहेरी तू रिकाम्या हाताने कधी येत नाहीस. कॉलेजात किडे टाचणीने टोचलेस, तेव्हापासून तुला सगळीकडे तेच दिसतात. सापळे हिने पडवीत टांगलेत, शोभतात.

बाबांची पत्र्याची बादली विहिरीपाशी भरून ठेवतोच. ती तळापर्यंत गोठली की बागेतली कीड मेली, हे तूही लहानपणी पाहिलंयस. गोठली की कळवतो. मग माफीचं पत्र लिही, सुवाच्य अक्षरात.

लोभ असावा, उपदेश कमी चालेल.

ढब्बू

२७ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न.

बादली गोठली नाही. वर पापुद्रा धरायचा आणि माझा चहा होईतो विरघळायचा. आज तिच्यात कावळा आंघोळ करून गेला, माझ्याकडे बघत.

हिने झाडाखालची माती उकरून तपकिरी कोष काढले, बरणीत घालून चुलीजवळ ठेवले. माश्या निघाल्या. हिने बरणी माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली आणि भात वाढला.

आता एकेक फळ उचलेन. शेजारच्या बागवाल्यांनाही सांगितलं. एकाने विचारलं, बाबा असते तर काय म्हणाले असते. मी म्हटलं, तेही आधी बादलीच बघायचे.

सापळे आणखी पाठव. पडवीतले बागेत नेलेत.

लोभ गोठू देऊ नये.

ढब्बू

२ सप्टेंबर

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

ओढ्याकाठच्या तुझ्या अळी निघालेल्या तीन झाडांचा सोडून खोऱ्यातला सगळा माल व्यापाऱ्याने उचलला, हे तुझ्या ‘हिच्याकडून’, म्हणजे बायकोकडून कळलं. तू लिहिलं नाहीस, तीन झाडांची लाज वाटली असणार. वाटू दे. माशी पुढच्या वर्षीही येणार, तूही वाकत राहा. कंबर दुखली तर मला सांगू नकोस. पेरूंखाली मीही वाकतेच.

लोभ पूर्वीसारखाच, अकलेबद्दल तक्रार नाही.

ताई

ता. क. तू बसच्या कंडक्टरबरोबर धाडलेलं मिळालं ते असं: नासपतीची पेटी एक, सगळी फळं कापून पाहिली, अळी नाही. बाबांची पत्र्याची बादली एक, पडलेले पेरू वेचायला. तळ शाबूत.