दोन नंबरचं पोर्ट

दादा,

आल्या आल्या आधी दुकानात जा आणि काहीतरी निमित्त काढून बाबांना काउंटरवरून उठव. मी शिंप्याच्या आईच्या मागे धावतेय, तिचा फोन लागत नाहीये.

नवा लिनक्स सर्व्हर लावून झालाय, घरातले आणि दुकानातले तिन्ही प्रिंटर त्या एकाच डब्याला जोडलेत. "दोन नंबरच्या पोर्टला हात लावू नकोस" असं तू बजावलंस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तपासलं, तर बाबांनी टाइप केलेलं औषधाचं प्रत्येक लेबल त्या पोर्टमधून आधी वर तुझ्या खोलीतल्या प्रिंटरवर निघतं आणि मग तू ते खाली काउंटरवर पाठवतोस. मला वाटलं, बाबांच्या डोळ्यांत धूळ फेकून तू दुकान गिळायला निघालायस. म्हणून मी लेबलं थेट खाली वळवली.

पहिलंच लेबल शिंप्याच्या आईचं निघालं. ती पिशवी घेऊन गेल्यावर मी स्क्रीनवर वाचलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत दिवसाला एक गोळी आहे, तिथे बाबांनी तासाला एक लिहिलंय.

म्हणजे बाबांच्या चुका तू वर गुपचूप सुधारून खाली पाठवत होतास! कधीपासून चाललंय हे? आणि माझ्यापासून का लपवलंस? मी काय या घरात पाहुणी आहे? नुसतं गप्प बसून सुटशील असं समजू नकोस.

सगळं पहिल्यासारखं करून ठेवलंय. निघताना बाबा खूश होऊन विचारत होते, "आज माझा प्रिंटर एवढा भरभर कसा चालला गं?"

मी म्हटलं, "आजच्यापुरताच, बाबा."